धुळ्यापर्यंत नीट चाललेली गाडी

१

शीतलचं बाळंतपण गुरुवारी सकाळी पावणेनऊला रस्त्याच्या कडेला झालं. फैजपूरचा दवाखाना अजून अकरा किलोमीटर लांब होता आणि तिला घेऊन निघालेली व्हॅन नाल्यावरच्या चढावर मरून पडली होती. ड्रायव्हर चैत्रामनं लुगड्याचा आडोसा धरला. मोगराबाईंनी मागच्या सीटवर बाळ हातात घेतलं. मुलगी होती. जन्मली तेव्हा निळी पडली होती, रडत नव्हती. तिला जळगावच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, तेव्हा कुठे ती रडली.

शुक्रवारी दुपारी तीच व्हॅन हिसके देत जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळ नूर महंमद यांच्या गॅरेजसमोर येऊन थांबली. आत चैत्राम होता आणि मोगराबाई.

गॅरेजवर पाटी अजून नूर महंमद यांच्या नावाची होती, पण त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून, म्हणजे गेली आठ वर्षं, काम त्यांची मुलगी जैनब करत होती. चौतिशीची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली, कानामागे टेस्टर खोचलेला. नवीन गिऱ्हाईक आधी विचारायचं, "मिस्त्री कुठे गेले?" आणि ती म्हणायची, "बोला."

मोगराबाईंनी विचारलं नाही. त्या सरळ तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या, सावळ्या, पाठ ताठ.

"पोरी, या गाडीले काय व्हयनं ते माले सोमवारपर्यंत जोयजे."

"अक्का, आधी बसा तरी."

"बसानं मंग."

त्यांनी सगळं सांगितलं. व्हॅन उंबरझिरा पाड्यावरच्या बायकांच्या गटाची. सन दोन हजारची, पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटरवाली. मोहाची फुलं आणि चारोळी विकून बायकांनी ती घेतली होती. फैजपूरला एका संस्थेचा दवाखाना आहे. पाड्यांवरचे आजारी तिथे पोचवायचं काम संस्थेनं या गटाला दिलेलं. त्यामुळे व्हॅन संस्थेच्या आवारातच उभी असायची. तिथला व्यवस्थापक विक्रम. गुरुवारी गाडी बंद पडली आणि त्याच संध्याकाळी विक्रमनं एक बाटली टेबलावर ठेवली. गाडीच्या टाकीतलं पेट्रोल काढलंय म्हणाला. त्याला रॉकेलचा वास येत होता.

चैत्रामनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. जैनबनं वाचला. मी गाडीतलं पेट्रोल विकून त्यात रॉकेल भरत होतो, गुरुवारच्या प्रसंगाला मीच जबाबदार आहे, असं टाइप केलेलं. खाली सहीची जागा कोरी.

"सोमवारी अकराला धुळ्याच्या हेड ऑफिसात मीटिंग शे," चैत्राम म्हणाला. तिशीचा माणूस, आवाज बसलेला. "सही कर म्हने, नही तं पोलिसात देस. आनी गाडी भंगारमा."

"मग?"

"मी सही करनार नही. शीतल मनी मावसबहीन शे. मी तिना गाडीमा रॉकेल टाकसू?"

"विक्रमनं गाडी बाहेर काढू दिली?"

"गाडी आम्हनी शे," मोगराबाई म्हणाल्या. "त्यानं फाटक लायं. मी फाटकमा उभी राहिनू. मंग उघडं त्यानं."

जैनब गाडीभोवती एक फेरी मारून आली. पेट्रोलच्या झाकणाला कुलूप होतं, बाजारात मिळतं तसलं वेगळं बसवलेलं. वर्षामागे कोणी तरी पेट्रोल चोरलं म्हणून गटानं ते लावलं होतं.

"याची चावी?"

"एकच शे," चैत्राम म्हणाला. "साहेबकडे. धुळ्याले गाडी लई गया तवय घेतली, परत दिनीच नही. टाकी फुल शे, तुले काय करनी, म्हने."

जैनब वाकून कुलपाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं ड्रिल मशीन मागवलं.

२

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. जैनबनं सीट उचललं आणि एकेक करत चारही प्लग काढून पांढऱ्या कागदावर मांडले.

"अब्बा, बघा."

नूर महंमद खुर्चीतून उठून आले. डोळ्यांना चांगलं दिसायचं. प्लगची टोकं पांढुरकी होती, राख फासल्यासारखी.

"भुकेलेत," ते म्हणाले.

"रॉकेल जळलं असतं तर?"

"काळे झाले असते. काजळीनं लडबडले असते. या इंजिनाला खायला मिळालेलं नाही. जे मिळालं ते साफ होतं."

जैनबनं टाकीतून नळीनं थोडं पेट्रोल काढलं, एक थेंब कोऱ्या कागदावर टाकला आणि उन्हात धरला. थेंब उडून गेला. कागदावर डाग राहिला नाही. रॉकेल असतं तर तेलकट वर्तुळ राहिलं असतं.

चैत्रामनं पहिल्यांदा नीट श्वास घेतला. "म्हंजे मी सुटनू?"

"अजून नाही. रॉकेल नाही एवढंच कळलं. गाडी का मेली, ते कुठे कळलंय? मला सांग, गुरुवारी पहिला झटका कुठे दिला?"

तो आठवू लागला. सकाळी सातला फैजपूरहून निघाला तेव्हा गाडी एकदम ठीक. पाड्याच्या अलीकडे थोडी मिसिंग मारायला लागली, ॲक्सिलरेटर दाबला तरी पिकअप येईना. कशीबशी पाड्यावर पोचली. शीतलला आत बसवेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. परत चालू केली तर पुन्हा एकदम ठीक. मग चढावर मेली. दहा मिनिटांनी चालू झाली, परत मेली. आज जळगावला येताना चार वेळा असंच.

"थांबवली की बरी होते," जैनब म्हणाली.

"हा."

"कॉइल तापली की असं होतं," नूर महंमद म्हणाले. "नाही तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं की."

"झाकण मी आत्ता फोडलंय. वर नुसतं फडकं बांधते, हवा जाईल. कॉइल नवीन लावते. तरीही मेली, तर तिसरंच काही तरी."

तिनं पेट्रोलच्या नळीत मध्ये हातभर पारदर्शक पाइप जोडला आणि तो सीटच्या फटीतून वर काढून आपल्या मांडीवर धरला. लाल-पिवळं पेट्रोल त्यातून पळताना दिसत होतं. चैत्राम स्टिअरिंगवर, मोगराबाई मागे. भुसावळच्या रस्त्याला लागले. साठचा वेग. नशिराबाद मागे पडलं. जैनबचा एक डोळा घड्याळावर होता.

अठराव्या मिनिटाला पाइपमधला पेट्रोलचा पट्टा बारीक झाला. मग त्यात बुडबुडे आले. मग पाइप रिकामा झाला, आणि चार झटके देऊन गाडी मेली.

टाकीच्या काट्यावर पेट्रोल पाऊण होतं.

"पंप?" चैत्रामनं विचारलं.

"पंप खराब असता तर थांबल्यावर बरा झाला नसता." जैनब रिकाम्या पाइपकडे बघत होती. "टाकीत काही तरी आहे. इंजिन ओढतं तेव्हा ते नळीच्या तोंडाला जाऊन चिकटतं. इंजिन बंद केलं की ओढ संपते, ते सुटतं आणि तरंगत बसतं."

"काय शे?"

"तेच बघायचंय."

३

संध्याकाळी टाकी उतरवली. पेट्रोल कॅनमध्ये ओतलं, काट्याचा फ्लोट काढला आणि त्या भोकातून वाकडी तार आत घालून जैनब चाचपडू लागली. दोनदा तार रिकामी आली. तिसऱ्यांदा तिच्या टोकाला एक पांढरं, पातळ, मऊ काही तरी लोंबत वर आलं.

दोन तळहातांएवढा तुकडा. तीन बाजू कात्रीनं सरळ कापलेल्या, चौथीला शिलाई.

मोगराबाईंनी बघताक्षणी ओळखलं. "केळीना घडले घालतंस ती पिशवी."

फैजपूर, यावल, रावेर, सगळा केळीचा पट्टा. घड डागाळू नये म्हणून त्याला अशी पांढरी पातळ कापडी पिशवी घालतात. हंगाम संपला की त्या बांधाला पडतात, आणि लोक त्या पुसायला नेतात.

"कोण नेतं?"

चैत्रामनं तुकडा उलटसुलट केला. मग म्हणाला, "छगनभाऊ. फैजपूरले गाडीनं काम तोच करस. सोमवारी त्याकडे ऑइल बदलं. त्याना गॅरेजमा याच चिंध्या रातंस, गोणीभर."

नूर महंमद यांनी जैनबला बाजूला घेतलं. "बेटा, गाडी दुरुस्त झाली. नळी साफ कर, टाकी बसव, त्यांना जाऊ दे. आपण गॅरेजवाले. संस्थेच्या भांडणात आपलं काय? उद्या ते आपल्यावरही एक बाटली ठेवतील."

"ठेवू देत."

"जैनब."

"अब्बा, ती पोरगी पेटीत आहे. आणि चैत्रामकडून खोट्या कागदावर सही मागतायत. मी नुसतं टाकी धुऊन दिली तर सोमवारी बाटलीच खरी ठरणार. ती खोटी पाडायची तर मला हे करणारा माणूस सापडला पाहिजे."

नूर महंमद यांनी तिच्या हातातला तुकडा घेतला, नाकाशी धरला, परत दिला.

"मग हा जपून ठेव," ते म्हणाले. "आणि कोणालाही दाखवू नकोस, छगनशिवाय."

४

छगनचं गॅरेज फैजपूरच्या बसस्टँडमागे. पन्नाशीचा, तोंडात सुपारी, कपाळाला आठी. शनिवारी सकाळी जैनब, मोगराबाई आणि चैत्राम टाकी पुन्हा बसवून तिथे पोचले. गाडी वाटेत एकदाही हिसकली नाही.

जैनबनं तुकडा दाखवला आणि कुठे सापडला ते सांगितलं.

छगनची आठी आणखी खोल गेली. "म्हणजे मी टाकला? अठ्ठावीस वर्षं हात काळे करतोय बाई. जळगावहून येऊन माझ्या दारात मला चोर म्हणता?"

"मी अजून काही म्हटलं नाही, भाऊ. सोमवारी तुम्ही टाकीचं झाकण उघडलं होतं?"

"ऑइल बदलायला टाकी कशाला उघडू? आणि चावी चैत्रामच्या जुडग्यात होती, तो इथेच उभा होता. विचारा."

चैत्रामनं मान हलवली. खरं होतं.

"चुकून एखादी चिंधी..."

"माझी चिंधी?" छगन आत गेला आणि अख्खी गोणी आणून तिच्या पायाशी उपडी केली. "घ्या. जुळवा. जुळली तर गॅरेज बंद करतो."

मोगराबाई खाली बसल्या. एक चिंधी उचलली, उलटी केली, टाकली. दुसरी उचलली. तिसरी. मग त्यांनी टाकीतला तुकडा मागितला आणि उन्हाकडे धरला.

"पोरी, हाई चिंधी नही."

"म्हणजे?"

मोगराबाई वीस वर्षं केळी कापणीला जात होत्या. त्यांनी आपल्या लुगड्याचा पदर पुढे केला. त्यावर तपकिरी-काळे डाग होते. केळीच्या चिकाचे. मग छगनच्या चिंध्या दाखवल्या. प्रत्येकीवर तसेच डाग, कुठे थेंब, कुठे ओघळ.

"घडवर पिशवी घाली का चीक लागसच. तो साबणानं जात नही, रॉकेलनं जात नही, पेट्रोलनं बी जात नही. कापड फाटस, डाग ऱ्हास. आनी हाऊ तुकडा..."

तुकडा टाकीतला दोन दिवसांचा, पेट्रोलनं थोडा पिवळट पडलेला. पण चिकाचा एक ठिपकाही त्यावर नव्हता.

"ही पिशवी कधी घडावर गेलीच नाही," जैनब हळूच म्हणाली. "कोरी आहे. कोऱ्या पिशवीचा तुकडा कापून घातलाय."

छगननं सुपारी थुंकली. "कोरी पिशवी कोणी पुसायला वापरत नाही. विकत मिळते ती."

"कोणाकडे असेल?"

"ज्याची बाग आहे त्याच्याकडे. म्हणजे निम्म्या फैजपुराकडे." तो थांबला. मग आपणहून म्हणाला, "विक्रमचीही आहे. पण तो तर या गाडीनं दोन दिवस धुळ्याला जाऊन आला. खराब गाडीनं कोण जाईल?"

जैनब गोणीजवळून उठली. हाच प्रश्न तिला विक्रमला विचारायचा होता.

५

विक्रमनं चहा मागवला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. ऑफिसच्या कोपऱ्यात केळीच्या कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठा होता, बागेवर न्यायचा. जैनबनं तो पाहिला आणि नजर काढून घेतली. निम्म्या गावाकडे असलेली वस्तू पुरावा होत नाही.

"हे काम मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "तुम्ही गाडी दुरुस्त करा. माणसं मी दुरुस्त करतो."

"मला बाटली बघायची होती."

त्यानं कपाटातून काढली, अगदी खुशीनं. जैनबनं टेबलावरच्या कोऱ्या कागदावर थेंब टाकला. उडून जायला वेळ लागला, आणि मागे रुपयाएवढं तेलकट वर्तुळ राहिलं.

"बघा," विक्रम म्हणाला. "मी खोटं कशाला बोलू? गुरुवारी संध्याकाळी याच टाकीतून काढलंय. झाकणाची चावी माझ्याकडेच असते."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. धुळ्याला मीटिंग होती. मंगळवारी गेलो, बुधवारी संध्याकाळी परत. येताना टाकी फुल केली. मुद्दाम चावी ठेवून घेतली, म्हटलं आता पेट्रोल कसं जातं बघू. पण हे लोक! डुप्लिकेट बनवली असेल."

"गाडी धुळ्याला कशी चालली?"

विक्रम हसला. त्यानं गाडीचं लॉगबुक काढून तिच्यासमोर सरकवलं. त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: फैजपूर–धुळे–फैजपूर, गाडी उत्तम, कुठेही अडचण नाही. खाली सही. "लोण्यासारखी चालली. जाताना एकदा नाही, येताना एकदा नाही. म्हणूनच म्हणतो, गाडी चांगली होती. गुरुवारी चैत्रामच्या हातात गेली आणि बिघडली. हे मी धुळ्यालाही सांगणार आहे."

"नक्की सांगा," जैनब म्हणाली. "पानाचा फोटो घेऊ?"

"घ्या की."

तिनं फोटो घेतला. फोन खिशात ठेवला. दाराशी जाऊन वळली.

"मी प्लग बदललेत. सोमवारी आपण सगळे याच गाडीनं जळगावहून धुळ्याला जाऊ. तुमच्या सुनिता मॅडमना मी फोन केलाय. त्या म्हणाल्या, गाडी घेऊनच या, आणि विक्रमनाही त्यातच आणा."

विक्रमचा चहाचा कप वर जाता जाता थांबला. हेड ऑफिसच्या डॉक्टर सुनिता म्हणजे संस्थेच्या प्रमुख. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं.

६

रविवारी संध्याकाळी जैनबनं टाकीच्या तोंडावरचं फडकं सोडलं आणि तोच तुकडा पुन्हा आत सोडला. फक्त यावेळी त्याला लांब बारीक तार बांधलेली होती, तिचं टोक टाकीच्या तोंडाशी अडकवलेलं.

नूर महंमद बघत होते. "सापळा गाडीलाच लावलास."

"गाडीलाच साक्ष द्यायचीय, अब्बा."

सोमवारी साडेसातला व्हॅन अजिंठा चौफुलीहून निघाली. चैत्राम चालवत होता, जैनब शेजारी. मागे विक्रम, छगन आणि मोगराबाई. छगन बोलावल्याशिवाय आला होता. माझ्या कामावर ठपका आलाय, मी येणारच, म्हणाला.

पाळधी मागे पडलं आणि गाडीनं पहिला झटका दिला. मग दुसरा. पिकअप गेला, इंजिन खोकल्यासारखं करू लागलं, आणि चैत्रामनं ती रस्त्याच्या कडेला घेतली. मागून ट्रक भोंगे वाजवत गेले.

"बघितलंत?" विक्रम म्हणाला. "प्लगनं काय होणार!"

दहा मिनिटांनी गाडी आपोआप चालू झाली. एरंडोलच्या अलीकडे पुन्हा मेली. ऊन चढलं होतं. विक्रमनं घड्याळ बघितलं, घाम पुसला आणि चिडून बोलून गेला, "या डब्यानं अकराला कसं पोचणार? गेल्या मंगळवारी मी याच रस्त्यानं, याच गाडीनं गेलो. एकदा थांबलो नाही!"

जैनब खाली उतरली आणि त्याच्या बाजूचं दार सरकवलं.

"परत सांगा."

"काय?"

"एकदाही थांबला नाहीत?"

"लॉगबुकात लिहिलंय!"

"उतरा मग. सगळेच उतरा."

ती टाकीच्या तोंडाशी गेली, तारेचं टोक पकडलं आणि हळूहळू ओढलं. पांढरा तुकडा पेट्रोल गाळत बाहेर आला. तिनं तो सगळ्यांसमोर धरला. विक्रम मागे सरला, आणि लगेच म्हणाला, "ही छगनची चिंधी! सगळ्या गावाला माहीत आहे!"

छगन पुढे झाला. जैनबनं त्याला हातानं थांबवलं.

"धरून चालू, छगनभाऊंचीच. ते गाडीला शेवटचा हात लावतात सोमवारी. म्हणजे ही सोमवारी आत गेली. मंगळवारी तुम्ही धुळ्याला निघालात. ही आत असली की गाडी अठरा-वीस मिनिटांत मरते, आत्ता दोनदा बघितलंत. फैजपूरहून धुळे तीन तासांचा रस्ता. तुम्ही आठ वेळा अडकायला हवं होतं. जाताना आठ, येताना आठ."

जैनबनं तुकडा त्याच्यापुढे धरला.

"पण तुम्ही अडकला नाहीत. तुम्हीच लिहिलंय. म्हणजे बुधवारी संध्याकाळी तुम्ही परत येईपर्यंत टाकी साफ होती. आणि गुरुवारी सकाळी पाड्यावर पोचायच्या आत गाडी हिसकायला लागली. मधे गाडी तुमच्या आवारात. त्या वेळात टाकी कोणी उघडली?"

"चैत्रामनं. डुप्लिकेट चावीनं."

"त्या कुलपाची डुप्लिकेट कुठे बनते, ते दाखवा. नसेल चावी तर कुलूप मोडायला लागतं. मी फोडलं तेव्हा त्यावर एक ओरखडा नव्हता. एकच चावी, आणि ती मंगळवारपासून तुमच्याकडे. हे तुम्ही मला अभिमानानं सांगितलंत." तिचा आवाज चढला नव्हता, पण रस्त्यापलीकडच्या टपरीवरचे लोक उठून बघायला लागले होते. "आणि बाटली. टाकीतल्या पेट्रोलचा डाग राहत नाही. तुमच्या बाटलीतल्याचा राहतो. प्लग पांढरे आहेत, या इंजिनात रॉकेल जळलेलंच नाही. मग बाटलीत कुठून आलं?"

विक्रमनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. जायला जागा नव्हती असं नाही. पण मोगराबाई त्याच्यासमोर उभ्या होत्या, फाटकात उभ्या राहिल्या होत्या तशाच.

"मला काय माहीत बाई आत असेल?" तो शेवटी पुटपुटला. "मला वाटलं, रिकामी जाताना बंद पडेल. दोन-तीनदा बंद पडली की करार रद्द होईल. बस, एवढंच."

"रिकामी?" मोगराबाई म्हणाल्या. "ती गाडी परत येताना कधी रिकामी ऱ्हास? तुले म्हाईत शे बठ्ठं. पाड्यावरना फोन तूच उचलस."

चैत्राम स्टिअरिंगवर जाऊन बसला. चावी फिरवली. एरंडोल, पारोळा, मुकटी. गाडी धुळ्यापर्यंत एकदाही हिसकली नाही. 

७

डॉक्टर सुनिता यांनी अर्धा तास सगळं ऐकून घेतलं. लॉगबुकाचा फोटो पाहिला, तुकडा पाहिला, दोन कागदांवर दोन्ही थेंब स्वतः टाकून पाहिले. मग ड्रॉवरमधून एक अर्ज काढला. फैजपूरच्या रुग्णांसाठी नवीन व्हॅन लावून घ्यावी, असा. तारीख गेल्या मंगळवारची. मालकाचं नाव कोणी वेगळंच.

"हा विक्रमचा मेव्हणा," छगन म्हणाला.

जैनबनं अर्जावरचा मोबाइल नंबर वाचला. शनिवारी सकाळी वेळ मागायला तिनं विक्रमला याच नंबरवर फोन केला होता. तिनं तो तिथल्या तिथे लावला. विक्रमच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला.

सुनिता मॅडमनी त्याला त्याच दिवशी काढलं आणि पोलिसांत तक्रार दिली. मग त्या मोगराबाईंकडे वळल्या. संस्थेची चूक झाली, म्हणाल्या. गटाला नवीन गाडी मिळवून देते.

"नको," मोगराबाई म्हणाल्या. "आम्हनी गाडी चालस. तुम्ही करार द्या. पाच वरीसना. आनी गाडी आते पाड्यावर उभी ऱ्हाई, तुमना आवारमा नही."

करार झाला. चैत्रामसाठी दिलगिरीचं पत्र तयार झालं, संस्थेच्या शिक्क्यासह. त्यानं ते हातात घेतलं नाही.

"माले कागद नको. त्यानं माले सगळ्या गावसमोर चोर म्हनं. त्यानं पाड्यावर येवो आनी बठ्ठासमोर सांगो."

विक्रम आला. केस हलकी होईल असं त्याच्या वकिलानं सांगितलं असावं. तीन आठवड्यांनी, सोमवारी बाजाराच्या दिवशी, उंबरझिरा पाड्यावर दीडशे माणसं जमली होती. जैनब आणि नूर महंमद जळगावहून आले होते. छगनही होता, सर्वांत मागे, कपाळावरची आठी तशीच.

विक्रमनं खिशातून कागद काढला आणि खाली मान घालून भरभर वाचला. टाकीत अडथळा मी घातला. रॉकेलची बाटली मी भरली. चैत्रामनं काही केलेलं नाही. वाचून झालं. त्यानं कागदाची घडी घातली आणि आपल्या गाडीकडे वळला.

पहिल्या रांगेत शीतल उभी होती, पोरगी छातीशी धरून. ती दोन पावलं पुढे आली आणि त्याच्या वाटेत थांबली.

"मांगे ऐकू उनं नही," ती म्हणाली. "परत वाच."